बाहीचं बटण

“सदा, तुझी आई!” शेजारच्या लेथवरून महिपती खोत ओरडला.

मी मान वर करून पाहिलं. उद्यमनगरातल्या आमच्या कारखान्याच्या शटरपाशी आई उभी होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातानं लुगड्याचा काठ वर धरलेला. जमिनीवरचं तेल चुकवत, एकेक पाऊल जपून टाकत ती माझ्या मशीनकडे निघाली होती. तिला पोचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी पाठमोरा झालो, खोक्यातल्या चिंध्यांखालून हातमोजे उपसून काढले आणि हातांत चढवले.

त्या हातमोज्यांची गोष्ट आधी सांगायला हवी. मी ड्रिलवर होतो. पाइपाच्या तोंडाला बसणाऱ्या जाड पोलादी चकत्यांना बोल्टसाठी भोकं पाडायची, हे माझं दिवसभराचं काम. चकती मशीनच्या टेबलावर आवळायची, वरून फिरतं ड्रिल खाली आणायचं, आणि तापू नये म्हणून त्यावर पांढऱ्या पाण्याची धार सोडायची. ते पाणी दिवसभर हातावर उडे. थंडी सुरू झाली की माझे हात वाळलेल्या शेतासारखे भेगाळत. त्यात ड्रिलमधून पोलादाचा लांबच लांब कीस वेटोळी घेत बाहेर पडतो, त्याची धार भेगांवरून फिरली की ब्रह्मांड आठवे. एका संध्याकाळी भाकरी मोडताना आमटीचं तिखट भेगेत गेलं आणि मी कळवळलो. आईनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं वडिलांच्या माघारी जपून ठेवलेली लोकरी बंडी ट्रंकेतून काढली आणि उसवायला घेतली. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, तरी बसून बसून तिनं त्या बंडीचे हातमोजे शिवले. पाची बोटं वेगळी, मनगटाला नाडी.

आता यात गंमत अशी, की ड्रिलवर उभं राहणाऱ्याला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवतात ती हीच. हातमोजा घालायचा नाही. उघड्या हाताला ड्रिल लागलं तर हात कापतो, पण सुटतो. हातमोजा एकदा धरला गेला की ड्रिल तो सोडत नाही. आमच्याकडे माझ्या डोक्यावरच भिंतीवर लाल रंगात लिहिलं होतं, “ड्रिलवर हातमोजे घालू नयेत.” आईला वाचता येत नव्हतं. मला मात्र बोलता येत होतं. “आई, हे चालत नाही गं,” एवढं म्हटलं असतं तरी तिथल्या तिथे मिटलं असतं. पण तिनं माझ्या बोटांचं माप घ्यायला माझाच हात मांडीवर धरून ठेवला होता, आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. हातमोजे मी खोक्यात टाकले. रोज संध्याकाळी ती विचारी, “घालतोस न्हवं रं?” रोज मी म्हणे, “घालतो की.” आणि रोज ती माझे हात उलटसुलट करून बघे, भेगा तशाच्या तशा. शेवटी तिनं स्वतःच येऊन बघायचं ठरवलं असणार. डबा तर मी विसरलोच नव्हतो. तो तिनंच सकाळी लपवला होता.

“बग, आता कसं,” माझे झाकलेले हात बघून ती म्हणाली. तिचा चेहरा एवढा खुलला, की मलाही घटकाभर आपण काही चांगलं केल्यासारखं वाटलं. तिनं महिपतीला विचारलं, “तुमास्नी पन शिवू का वो जोडी?”

महिपतीनं माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. “नको मावशी. आमची कातडी म्हशीची. तिला लोकर कशाला?”

आई हसली, डबा ठेवला आणि आली तशी काठ धरून निघाली. ती शटरबाहेर पडते न पडते तोच महिपती म्हणाला, “काढ आता ते.”

“एवढं भोक होऊ दे.”

ड्रिल अर्धं उतरलेलं होतं. कीस वाढून टोकाशी गुंता झाला होता. एरवी मी तो लोखंडी आकड्यानं ओढत असे. उघड्या हातानं ओढायची छातीच होत नसे. पण त्या दिवशी हातावर लोकर होती, आणि हात आपोआप पुढे गेला.

काय झालं ते मी पाहिलं नाही. फक्त कुणीतरी माझा डावा हात घट्ट धरून ओढला असं वाटलं, आणि मी मनात म्हणालो, हा कोण. महिपतीनं धावत येऊन स्विच पाडला. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मधल्या पेरापासून गेलं होतं. ड्रिलभोवती लोकरीचा लाल पिळा बसला होता. महिपतीनं तो उलटा फिरवून सोडवला, दुसराही हातमोजा माझ्या हातातून ओढून काढला आणि मालक केबिनमधून बाहेर येईपर्यंत दोन्ही किसाच्या डब्यात, अगदी तळाशी घातले. हे त्यानं कुणी न सांगता केलं. नियम मोडला म्हणून माझ्यावर ठपका येऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

आई कोपऱ्यापर्यंतच गेली होती. आरडाओरडा ऐकून परत फिरली. दवाखान्यात माझ्याबरोबर तीच आली.

पट्टी बांधून मला खाटेवर आणून टाकलं तेव्हा ती पायथ्याशी उभी होती, माझ्या कपड्यांचं बोचकं छातीशी धरून. नर्सनं ते तिच्याकडे दिलं होतं. थोड्या वेळानं मालक आले, मागे महिपती. मालक माणूस बरा, पण आधी कारण विचारणार आणि मग दुःख करणार, असा.

“कसं झालं रे हे?”

मी आईकडे पाहिलं. तिचे डोळे माझ्या ओठांवर होते.

“बाही अडकली,” मी म्हणालो.

“बाही? बटण लावलं नव्हतंस?”

“तुटलं होतं.”

महिपतीनं मान खाली घातली. खोटं एकदा बोलायला सुरुवात केली की पुढचं खोटं समोरचाच माणूस पुरवतो. बटणाचं माझ्या डोक्यातही नव्हतं, ते मालकांनी दिलं आणि मी घेतलं. बाहीचं बटण कोण लावतं, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. मला फक्त आईला वाचवायचं होतं.

मालक गेल्यावर आईनं हळूच विचारलं, “आन् मोजं?”

“तू गेलीस आणि लगेच काढले.”

“बरं केलंस,” ती म्हणाली. मग माझ्या अंगावरची चादर सारखी केली आणि शर्टाला लागलेलं रक्त धुऊन आणते म्हणून नळावर गेली.

ती परत यायला आणि माझी बायको शालन धापा टाकत यायला एकच गाठ पडली. शालन मंगळवार पेठेतून अनवाणी पळत आली होती. ती माझ्या हाताकडे बघून रडायला लागणार, एवढ्यात आईनं ओला शर्ट तिच्या तोंडासमोर धरला.

“बग. बग ही बाही. एक बटन लावाय हुईना तुला?”

बाहीवर बटण नव्हतं. दोऱ्याची दोन टोकं तेवढी लोंबत होती. मी खाटेवरून पाहिलं आणि, खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, ओढाताणीत तुटलेलं दिसतंय. देव पावला. माझ्या खोट्याला आयता पुरावा मिळाला होता.

शालन ती दोऱ्याची टोकं चिमटीत धरून नुसती बघत राहिली. रडायचं तिचं राहूनच गेलं.

तिथून पुढे आमच्या दोन खोल्यांत जे सुरू झालं त्याला संसार म्हणवत नाही. आईची जीभ आधी तशी नव्हती. शालनला घरात येऊन दोन वर्षं होत होती, आणि सासू-सुनेचं गल्लीत दाखला देण्याइतकं बरं चाललं होतं. आता मात्र उठता बसता बटण. दूध उतू गेलं, बटण. पाहुणे आले, बटण. शेजारची बाई विचारपूस करायला आली की आई माझा हात दाखवी आणि म्हणे, “एका बटनापायी माझ्या लेकाचा हात गेला बाई.” मग शेजारीण शालनकडे बघे. नळावरच्या बायकांच्या तोंडी झालं, मग शालननं नळावर सगळ्यांच्या आधी जायला सुरुवात केली. वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं, आणि तेल ओतणारा मी गप्प बसून बघत होतो.

शालन उलटून एक शब्द बोलत नसे. तिनं घरातल्या साऱ्या कपड्यांची बटणं काढून दुहेरी दोऱ्यानं पुन्हा लावली. माझे सदरे, आईची पोलकी, कुणाला द्यायला म्हणून बांधून ठेवलेले जुने कपडेसुद्धा. मी बाहेर निघालो की दारात उभी राहून दोन्ही बाह्यांची बटणं ओढून बघे. उपास तर एवढे वाढवले, की कोणत्या वारी जेवते ते मला सांगता येईना. रोज ती माझी पट्टी बदली, भाकरी मोडून देई, पायजम्याची नाडी बांधून देई, आणि त्या सगळ्यात माझ्या तोंडाकडे मात्र बघत नसे.

एकदाच तिनं विचारलं. दुपारची वेळ, आई देवळात गेलेली.

“अहो, खरंच तुटलं होतं काय? शर्ट मी आदल्याच दिवशी धुतला होता. वाळत घालताना मी बाह्या झटकते. मला कसं दिसलं न्हाई?”

ती माझ्याकडे पहिल्यांदाच सरळ बघत होती. त्या क्षणी सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण आई देवळातून यायची वेळ झाली होती, आणि मला वाटलं, हिला सांगितलं की आईला आज ना उद्या कळणार.

“तुटलं होतं,” मी म्हणालो.

“मग माझंच लक्ष नव्हतं,” ती म्हणाली आणि पट्टी बांधायला लागली. तिचा हात एवढा हलका होता, की त्यापेक्षा तिनं जखमेवर मीठ चोळलं असतं तरी चाललं असतं.

महिपती अधूनमधून बघायला येई. त्यानं दोन वेळा आईचं बोलणं ऐकून घेतलं, तिसऱ्यांदा मला चहाच्या निमित्तानं बाहेर काढलं.

“सांग की बायकोला,” तो म्हणाला.

“आणि आईला कळलं तर? तिनं बंडी उसवून शिवले होते, महिपती. ती जीव ठेवील काय?”

“म्हातारी मरंल म्हणून भितोस. आन् ही जगतीया काय?”

“आपलेच दात, आपलेच ओठ.”

“म्हणी कसल्या ऐकवतोस मला? तुझं वठ नुसतं मिटल्यात. ते दातबीत काय न्हाई तिथं.” त्यानं चहाचे पैसे दिले आणि माझी वाट न बघता निघून गेला. मी परत घरी आलो. आई ओट्यावर बसून शेजारणीला बटणाचं सांगत होती. मी तिला ओलांडून आत गेलो.

हात बरा झाला. मालकांनी मला कामावर परत घेतलं, मशीनवर नाही, पाडलेली भोकं मापानं तपासायला. घरातलं मात्र तसंच राहिलं. थंडी सरली, चैत्र आला, आणि शालनचा भाऊ मारुती तिला गावच्या जत्रेला न्यायला आला. हे दरवर्षीचंच होतं. चार दिवस जायचं, गोडाधोडाचं खायचं, परत यायचं. मारुती भोळा माणूस. बसल्या बसल्या त्यानं माझ्या हाताची चौकशी केली. आई वाटच बघत होती.

“न्ह्या तुमच्या भैनीला,” ती त्याला म्हणाली. “आन् जमलं तर एक बटन लावायला शिकवून धाडा. तुमच्याकडं शिकवायचं ऱ्हाऊन गेलंय.”

मारुतीचा चहा बशीतच राहिला. तो बहिणीकडे बघायला लागला. आजवर जे बोलणं झालं ते आमच्या चार भिंतींत आणि फार तर गल्लीत झालं होतं. शालनच्या माहेरच्या माणसासमोर हे पहिल्यांदाच. ती उठून आतल्या खोलीत गेली.

मी मागोमाग गेलो. ती ट्रंकेत कपडे भरत होती. एक लुगडं, दुसरं, मग लग्नातला शालू. मग कपाटावरचा आरसा, कुंकवाचा करंडा. चार दिवसांच्या जत्रेला शालू लागत नाही.

“एवढं सगळं कशाला?” मी विचारलं.

“असू द्या.”

“शालन, कधी येणार तू?”

ती थांबली. करंडा हातात तसाच धरून म्हणाली, “मी घरात असले की आत्तींना तुमचा हात दिसतो. मी नसले तर विसरतील. मलापण रोज तो हात बघवत न्हाई. माझ्यामुळं गेला, आणि तुम्ही मला एक शब्दबी बोलला न्हाईसा. बोलला असता तरी बरं होतं.”

माझं गप्प बसणं हा तिनं माझा मोठेपणा मानला होता. चोरानं चोरी करावी आणि वर लोकांनी त्याला साधू म्हणावं, तसं झालं. मला माझी इतकी किळस कधी आली नव्हती.

ट्रंक घेऊन ती बाहेर आली. मारुती उठला. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. शालन तिच्या पाया पडायला वाकली, आणि मी म्हणालो, “बटण होतं.”

कुणाला कळलंच नाही. मी पुन्हा म्हणालो, “शालन, बटण जागेवर होतं. बाही अडकली नाही. माझ्या हातात हातमोजे होते. ते ड्रिलनं धरले.”

वाकलेली शालन तशीच राहिली. मी आईकडे बघायचं टाळत होतो. आता ती किंकाळी फोडेल, कपाळ बडवून घेईल, कोसळेल, या सगळ्याची मी मनात तयारी केली होती. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं, राखेत विझवलं आणि म्हणाली, “ठावं हाय मला.”

“काय ठाऊक आहे?”

“समदं. मी कोपऱ्यावर पोचायच्या आत वरडा झाला. एवढ्यात कुणी मोजं काढतंय व्हय? आन् नर्सनं शर्ट दिला तवा बाहीचं बटन लावल्यालंच होतं. चांगलं घट.” ती अजून आमच्याकडे पाठ करूनच बसली होती. “तू म्हनालास बटन तुटलंय. म्या नळावर गेले, आन् दातानं तोडलं.”

मला वाचवताना आई, आईला वाचवताना मी, आणि आम्हा दोघांच्या मध्ये ही पोर भरडून निघाली होती.

“का आत्ती?” शालननं विचारलं.

आता आई वळली. तिचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. गेल्या काही महिन्यांत ती केवढी म्हातारी झाली होती ते रोजच्या बघण्यात मला दिसलंच नव्हतं.

“त्याच्या बाच्या बंडीचं मोजं. माझ्या हातानं शिवल्यालं. त्येनं त्याचा हात खाल्ला, हे म्या कसं सोसू? तुला बोलत हुते तवर वाटायचं, झालंय ते तुझ्या हातनं झालंय. गप बसले की माझं मला ऐकू यायचं. म्हनून बोलत ऱ्हायले.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “आता तुला समदं कळलंय. मी तुला एवढं बोलले. आता मला कोन बोलनार? बोल की गं. एकदा तरी बोल.”

मला वाटलं, शालन रडेल, सासूच्या गळ्यात पडेल. आपल्याकडे असंच होतं. पण तिनं ट्रंक खाली ठेवली, पदर खोचला, आणि ती बोलायला लागली.

माझ्या बायकोला एवढं बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं. नळावरच्या बायकांपासून तिनं सुरुवात केली. अंधारात पाणी भरायला जाताना कसं वाटतं ते सांगितलं. उपास कशासाठी धरले ते सांगितलं. “माझ्या आईनं मला शिवण शिकवलं, आत्ती. गावात समद्यांची झंपरं मी शिवत होते. तिचं नाव तुम्ही माझ्या भावासमोर मातीत घातलं.” तिचा आवाज चढत गेला. “त्यांची दोन बोटं गेली ती समद्यांनी बघितली. माझं काय गेलं ते कुणी बघितलं? झोपेत मी बटणं लावायचे. तुमच्या लेकाला माझ्या हातानं लुळा केला म्हणून मी देवापुढं मरण मागितलं. तुम्ही शेजारच्या खोलीत होता. तुम्हाला ऐकू गेलं न्हाई?”

“गेलं,” आई म्हणाली.

“मग?”

“मग काय. ऐकत पडून ऱ्हायले.”

शालन थांबली. तिला धाप लागली होती. मारुती दारातल्या दारात दोन्ही पायांवर आळीपाळीनं उभा राहत होता, कुठे बघावं ते त्याला कळत नव्हतं. आई मांडी घालून तशीच बसली होती, मान वर, जसं काही उन्हात बसलेलं माणूस ऊन घेतं.

“आजून बोल,” ती म्हणाली. “इतक्यात सपलं?”

“संपलं न्हाई,” शालन म्हणाली. “पण एष्टी चुकंल.” तिनं ट्रंकेचं झाकण उघडलं. शालू बाहेर काढला, आरसा काढला, करंडा काढला, सगळं खाटेवर ठेवलं आणि हलकी झालेली ट्रंक मारुतीच्या हातात दिली. “राहिलेलं आल्यावर बोलते.”

ती माझ्या समोरून गेली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दारात दर वेळेसारखी थांबली नाही, बाह्या बघितल्या नाहीत.

गल्लीच्या टोकाला ती दोघं दिसेनाशी होईपर्यंत आई ओट्यावर उभी होती. मग आत न बघता तिनं मला विचारलं, “यील न्हवं रं?”

“येईल,” मी म्हणालो. “माझ्या वाटणीचं अजून सगळंच राहिलंय.”